फ्रिजमधली बुरशीची बाटली

नात विद्यापीठात पाण्यावर संशोधन करते. परवा तिनं फ्रिजात दुधाच्या पातेल्याशेजारी तपकिरी पाण्याची बाटली आणून ठेवली. माझा डोळा त्या बाटलीवरच. घरात नातसून पोटुशी. आमच्याकडं नळ आठवड्यातून कधीतरी येतो, बाकी दिवस साठवलेल्या पाण्यावर. त्यात या पोरीनं हे काहीतरी ओतलं तर?

“काय गं हे?”

“एन्झाइम आहे आजी. लाकडावरच्या बुरशीतून काढलंय. प्लास्टिकातून, औषधांतून पाण्यात अशी द्रव्यं उतरतात, की शरीराला ती आपलेच हार्मोन वाटतात. पोटातल्या बाळाला तर जास्त धोका. हे एन्झाइम त्यांना तोडतं.”

बुरशी! लोणच्यावर आली तर आपण बरणी रिकामी करतो. ती अंघोळीला गेली अन् मी बाटली दुसऱ्या पातेल्यात ओतून गॅसवर खदखदा उकळली. माझ्या घरात न उकळलेलं पाणी कुणाच्या पोटात जात नाही.

ती ओल्या केसांनी धावत आली. “आजी! वाया गेलं ना! उकळलं की ते काम करत नाही.”

“म्हंजी जित्तं व्हतं?”

“जिवंत नसतं गं. पण काम करतं.”

“लई बरं. तुझा आजा जित्ता असून करत नव्हता.”

ती हसली. प्रयोगशाळेत आणखी होतं म्हणून वाचले. तेवढ्यात तिची नजर माझ्या हाताकडं गेली. पिण्याचं, नुकतंच उकळलेलं पाणी मी कॅनमध्ये ओतत होते.

“आजी, वाफाळतं पाणी प्लास्टिकात? गरम पाण्यानं तर ती द्रव्यं जास्त सुटतात!”

मला नवी नवरी असतानाची मीच आठवले. शहागंजच्या बाजारातून निळा कॅन आणणारी गल्लीतली पहिली शहाणी. सासूबाईंचा हंडा जुनाट म्हणून माळ्यावर चढवला. कढत पाणी कॅनमध्ये ओतायचं अन् शेजारणींना झाकण उघडून दाखवायचं, जणू आत अत्तरच. सासूबाई म्हणाल्या, “वास येतोय गं.” अन् मी येडी म्हणते, “नव्याचा वास तुम्हाला काय माहीत?”

आता कॅन अंगणात गेला. हंडा खाली आला, चिंचेनं घासला. त्यात गार झालेलं पाणी भरलं.

“अन् तुझं बुरशीचं पाणी?”

“अजून पिण्यासारखं नाही. तपासण्या बाकी आहेत.”

“झाल्या की पहिला पेला मला. माझे कसले हार्मोन बिघडायचे आता!”

तोवर नातसुनेला पेला देण्याआधी मी वास घेते. हंड्यातल्या पाण्याचासुद्धा.