बोलावलेल्या अकरा मुली

तारीख एकतीस डिसेंबर, मंगळवार. निमित्त माझ्या मुलीचा दहावा वाढदिवस. ठरवलेला खर्च सात हजार आठशे रुपये. हजर होतो मी, माझी बायको, मुलगी, स्वयंपाकाला बोलावलेले मामा, त्यांची बायको आणि आमच्या कुणाच्याच ओळखीची नसलेली अडुसष्ट माणसं. बोलावलेल्या अकरा मुलीही आल्या, पण जेवण संपल्यावर.

शिर्डीत आमचं चौदा खोल्यांचं लॉज आहे. मंदिर चालत दहा मिनिटांवर. वडिलांच्या वेळी त्याच जागेवर पेरूची बाग होती. वर्षाचा शेवटचा दिवस हा आमच्या धंद्यातला सगळ्यांत मोठा दिवस. खोल्या महिनाभर आधी भरलेल्या असतात, तरी लोक येतच राहतात, मग हॉलमध्ये, गच्चीवर, जिन्याखाली गाद्या टाकाव्या लागतात. मुलगी जन्मली ती नेमकी याच तारखेला. त्यामुळे नऊ वर्षं तिचा वाढदिवस त्या दिवशी कधी झाला नाही. मी काउंटरवर असायचो, बायको चादरी मोजत असायची. चार-पाच दिवसांनी गर्दी ओसरली की आम्ही तिघं स्वयंपाकघरात छोटा केक कापायचो. ती कधी रुसली नाही, म्हणून आम्हीही त्याचा फार विचार केला नाही.

यंदा दिवाळीच्या सुट्टीनंतर ती शाळेतून आली आणि दप्तर न काढताच काउंटरपाशी उभी राहिली.

"पप्पा, या वर्षी माझा वाढदिवस करायचा. मुली बोलवायच्या. दुसरं मला काही नको."

काय झालं ते तिच्या आईने रात्री काढून घेतलं. तिसरीपासून तिच्या बाकावर बसणारी एक मैत्रीण आहे. दोघींचं कशावरून तरी वाजलं, रंगाच्या पेटीवरून असेल, आणि ती मैत्रीण म्हणाली, "तू नुसती खायला येतेस. आठ जणींकडे जेवलीस, आम्हाला एकदा तरी बोलावलंस का?" बाकीच्या हसल्या. आकडा खरा होता. आठ वाढदिवसांना मीच तिला स्कूटरवरून सोडलं होतं आणि आठही वेळा भेटवस्तू नेली होती. पण भेटवस्तू कुणी हिशेबात धरत नाही.

मी म्हटलं, "पाच जानेवारीला करू. तेव्हा हॉल मोकळा असतो, आम्हालाही वेळ असतो."

"नको. मुली म्हणतील शिळा वाढदिवस."

एकतीस तारीख ठरली. हॉल एका मोठ्या कुटुंबाला आधीच दिलेला होता, म्हणून लॉजच्या पुढच्या अंगणात मंडप घालायचं ठरवलं. वर पिवळं-लाल कापड, खाली सतरंज्या, एका टेबलावर केक. स्वयंपाकाला कोपरगावकडचे आचारी सांगितले, त्यांना सगळे मामाच म्हणतात. पुरी, बटाट्याची भाजी, पुलाव, गुलाबजाम, चाळीस माणसांचं. मुली अकरा, काहींच्या आया येतील, लॉजवर कामाला असलेली पोरं जेवतील, म्हणून चाळीस. सगळ्या मुली आसपासच्या वस्त्यांवरच्या आणि गावांतल्या. शाळा सुटली की घरी जाऊन कपडे बदलायचे आणि शाळेच्या रिक्षावाल्याने सगळ्यांना गोळा करून पाच वाजता आणून सोडायचं, असं त्याच्याशी बोलणं झालं होतं.

मुलीने निळा फ्रॉक घातला होता. साडेचारपासून ती फाटकाशी उभी होती.

पाच वाजता मामांनी कढईत पहिल्या पुऱ्या सोडल्या. त्याच सुमाराला दर्शन घेऊन परत जाणारी एक पायी दिंडी आमच्या रस्त्याने आली. वीसेक माणसं होती, पुढे झेंडा, पायांना फडकी बांधलेली. मंडप दिसला, सतरंज्या दिसल्या, पुऱ्यांचा वास आला. आमच्या गावात या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की त्याचा अर्थ एकच होतो. त्यांनी फाटकाबाहेर चपला ओळीने काढल्या, आत आले आणि पंगत धरून बसले.

मी काउंटरवरून धावत गेलो. पहिल्याच जागेवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. मी वाकून म्हटलं, "बाबा, हे जरा आमचं घरचं..."

त्यांनी हात जोडले. "व्हय, घरचंच गोड लागतं. आठ दिस चालतोय. दर्शन झाल्याबिगर खायाचं न्हाई म्हनून सकाळधरनं पोटात कायबी न्हाई."

बायको मागून आली होती. मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, "यांना सांगावं लागेल."

"काय सांगाल? उठा म्हणून? बसलेल्या माणसाला?"

मी हिशेब केला. पंगतीत एकोणीस माणसं. चाळिसांतून एकोणीस गेले, एकवीस उरले. अकरा मुली, चार-पाच आया. बसतंय. मी मामांना वाढायला सांगितलं. तो हिशेब बरोबरच होता. पंगत पाहून आणखी लोक येतील, एवढं त्यात धरायचं राहिलं होतं. पहिली माणसं जेवत असताना फाटकापाशी रांग लागली. बायका, पोरं, एक आंधळे गृहस्थ आणि त्यांचा हात धरलेली सून. कुणी ढकलत नव्हतं, कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. सगळे आपापल्या पाळीची वाट पाहत शांत उभे होते. एखाद्याने दंगा केला असता तर मला फाटक लावता आलं असतं.

मामा झारा हातात घेऊन आले. "शेट, पीठ संपत आलं. आता काय, हात तळू का?"

"पुलाव वाढा थोडा थोडा. आणि अकरा ताटांचं आत झाकून ठेवा."

"अकराचं आत ठिवलं तर हितं भांडं उघडं पडंल. समोर मान्सं बसल्यात."

अकरा ताटं झाकली गेलीच नाहीत. मी रिक्षावाल्याला फोन लावत होतो. लागत नव्हता. त्या दिवशी संध्याकाळी आमच्याकडे कुणाचाच फोन लागत नाही, एवढी माणसं एका ठिकाणी असतात. शेवटी लागला तेव्हा तो म्हणाला, "रस्ता बंद केलाय हो. मागनं फिरून येतोय. लई गर्दी हाय. पोरी बसल्यात गाडीत, काळजी करू नका."

बायको म्हणाली, "केक तरी आत नेऊ." मुलगी ऐकत होती. ती म्हणाली, "नको. त्या आल्या की लगेच कापायचाय." केक टेबलावरच राहिला.

सहा वाजून गेले. काही जणांनी केक पाहिला आणि त्यांना वाटलं, नव्या वर्षाचा असेल. त्या रात्री गावात ठिकठिकाणी लोक असे केक कापतात. एक बाई कडेवरचं लेकरू घेऊन टेबलापाशी आली. लेकरू केककडे हात करत होतं. माझी मुलगी टेबलाच्या पलीकडे उभी होती.

बाई म्हणाली, "तुझा वाढदिवस हाय का गं?"

तिने मान डोलावली.

"आगं बया, मग काप की. वाट कुनाची बघती? आमी हाय ना सगळी."

आणि त्या बाईने मागे वळून सगळ्यांना सांगितलं. जेवणारी माणसं उष्ट्या हातांनी उठून भोवती जमली. म्हाताऱ्या बाबांना पुढे घेतलं. कुणीतरी मुलीच्या हातात सुरी दिली. ती माझ्याकडे बघत होती. मी मंडपाच्या दुसऱ्या टोकाला होतो, हातात पुलावाचं पातेलं, मध्ये तीस-पस्तीस माणसं. लॉजवर वाढलेली मुलगी आहे. पाहुण्याला नाही म्हणायचं नाही, हे तिला कुणी वेगळं शिकवावं लागलेलं नाही. तिने केक कापला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. इतक्या मनापासून तिच्यासाठी कुणी टाळ्या वाजवल्याचं मला आठवत नाही. म्हाताऱ्या बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. पहिला घास तिने कडेवरच्या लेकराला भरवला. मग हात पुढे येत गेले आणि ती देत गेली.

मुली सव्वासातला पोचल्या, त्याही चालत. रिक्षावाल्याने नाल्यापाशी गाडी लावून त्यांना एकमेकींचे हात धरायला लावून आणलं होतं. नवे कपडे, हातात चकचकीत कागदाची पुडकी. दोन तास रिक्षात कोंबून बसल्याने सगळ्या कंटाळलेल्या आणि भुकेल्या. मंडपात उष्ट्या पत्रावळी, सांडलेला भात, दोन माणसं भिंतीला टेकून झोपलेली. टेबलावर केकचा पुठ्ठा.

बाकावरची मैत्रीण पुढे होती. ती म्हणाली, "संपलं पण?"

माझ्या मुलीने केकचा पुठ्ठा उचलून टेबलाखाली ठेवला.

"आम्ही येईपर्यंत थांबायचं तरी."

दुसरी म्हणाली, "अगं, भंडाऱ्याला बोलावलं होतं आपल्याला. वाढदिवस कुठला."

त्यावर दोघी-तिघी हसल्या. लहान मुलीच त्या. भूक लागली होती.

बायको म्हणाली, "बसा गं, दहा मिनिटांत शिरा करते." मी काही मिळतं का बघायला बाहेर पळालो. वडापावच्या गाडीवर चाळीस माणसं उभी होती. अर्धा तास थांबून बारा वडापाव घेऊन आलो, तोवर रिक्षावाला मुलींना घेऊन निघाला होता. आणखी उशीर झाला तर मागचा रस्ताही बंद होईल, असं त्याचं म्हणणं, आणि ते बरोबर होतं. शिरा चुलीवरच होता. मुलींनी काउंटरवरच्या बरणीतल्या वेफर्सच्या पुड्या नेल्या, एकीला एक. आणलेली पुडकी टेबलावर ठेवून गेल्या. मुलीने त्यांच्यासाठी निवडून आणलेल्या कंपासपेट्या द्यायच्या राहिल्या. ती पिशवी घेऊन फाटकापर्यंत गेली होती म्हणे, पण गर्दीत त्या दिसल्या नाहीत.

उरलेल्या पत्रावळी मी मोजल्या. शंभरांतल्या बत्तीस. मुलगी सतरंजी झटकत होती.

"किती माणसं जेवली, पप्पा?"

"अडुसष्ट."

"त्यातली आपली किती?"

मी उरलेल्या पत्रावळी दोरीने बांधल्या. उत्तर तिला माहीत होतं. ती रडली असती तर तिच्या आईला आणि मला काहीतरी करायला मिळालं असतं. तिने सतरंजीची घडी घातली, फ्रॉक बदलला आणि हॉलमधल्या पाहुण्यांना गरम पाणी हवं होतं ते नेऊन दिलं.

माणसांवर माझा राग नाही, हेही सांगून टाकतो. राग धरायला कुणी सापडत नाही, हीच अडचण आहे. उपाशी माणसं जेवली. जाताना तिला आशीर्वाद देऊन गेली. रिक्षावाल्याने आपलं काम केलं. मुली बोलतात तेच त्या मुली बोलल्या. तरीही त्या दिवसापासून आमच्या घरातलं एक मूल हसायचं कमी झालं आहे.

जानेवारीत वर्गातल्या एका मुलीचा वाढदिवस होता. ही म्हणाली, पोटात दुखतंय. फेब्रुवारीत दुसरीचा आला. त्या दिवशी तिने दुखण्याचं काही सांगितलंही नाही, नुसती गृहपाठ करत बसली. आईने विचारलं तर म्हणाली, "मी आता कुणाकडे खात नाही."

त्याच आठवड्यात संध्याकाळी ती काउंटरच्या आतल्या स्टुलावर येऊन बसली.

"पप्पा, मामांनी आपल्याला ताटाला काय भाव लावला होता?"

"एकशे वीस."

"आठ ताटांचे नऊशे साठ ना?"

"हो. का?"

"मला द्याल? आठ पाकिटं करायची आहेत. ज्यांच्याकडे मी जेवले त्यांना द्यायचे."

मी म्हटलं, "बाळा, असं कुणी देत नाही. वाढदिवसाच्या जेवणाचे पैसे नसतात."

"मग ते मिटणार कसं?"

मी रोज वीस-पंचवीस लोकांचे हिशेब मिटवतो. गिऱ्हाइकाला दोन रुपये परत द्यायचे राहिले तर फाटकापर्यंत मागे जातो. तिने हे लहानपणापासून याच स्टुलावर बसून पाहिलंय. तिची आई दारात उभी होती. ती म्हणाली, "देऊ नका. आज दिलेत तर तिला वाटेल की खरंच देणं होतं." बायकोचं बरोबर होतं. पण मुलगी माझ्याकडे बघत होती, मंडपात पलीकडून बघत होती तशीच, आणि या वेळी मध्ये कुणी नव्हतं. मी गल्ल्यातून नऊशे साठ रुपये काढून दिले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलींच्या आयांचे फोन सुरू झाले. एक हसली. एकीला वाईट वाटलं, ती बराच वेळ माझ्या बायकोशी बोलत राहिली. एक चिडून म्हणाली, "आम्ही काय खानावळ चालवतो का?" मी सगळ्यांची माफी मागितली. दोन दिवसांत सात पाकिटं परत आली, काही न उघडलेली, एकात पैशांबरोबर चॉकलेट घातलेलं. सात पाकिटांचे आठशे चाळीस रुपये मी गल्ल्यात जमा केले.

आठवं आलं नाही. आठवडा गेला. मी मुलीला विचारलं, "राहिलेलं कुणाचं?"

तिने सांगितलं. मग म्हणाली, "तिने माझ्यासमोर उघडून मोजले. म्हणाली, बरोबर आहेत."

"आणि मग?"

"मग काही नाही. मी खिडकीकडच्या बाकावर बसते आता. तिथे एक जागा रिकामी होती."

तेव्हा प्रत्यक्षात शेवटी दिले गेले ते एकशे वीस रुपये, आणि ते तिसरीपासून तिच्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला.