येऊन राहिलो

मधुभाऊ गेल्याचं मला त्यांच्या मुलाने सकाळी सांगितलं, आणि कोकणात ते कळवायचं काम माझ्याकडे आलं. का, तर मास्तरला नीट बोलता येतं. डोंबलाचं नीट! समुद्रकाठच्या गावात आम्ही दर वर्षी ज्यांच्या घरी उतरायचो, त्या लीलाताईंनी फोन उचलला आणि माझा आवाज ओळखून हसतच विचारलं, "काय, भाऊ येऊन राहिले का?" पुढच्याच आठवड्यात आम्ही दहा जण त्यांच्याकडे उतरणार होतो... कसंबसं सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "आता खोल्या बंदच करते. भाऊ नाहीत, तर नागपूरचं कोण येणार एवढ्या लांब?" मी 'काळजी घ्या' म्हणून फोन ठेवला.

मधुभाऊंचं गांधीबागेत चादरी-पडद्यांचं दुकान, माल बहुतेक कामठीच्या मागांवरचा. प्रताप नगरात आमची घरं समोरासमोर. मी शाळेत भूगोल शिकवायचो, भरती-ओहोटीची आकृती फळ्यावर झकास काढायचो, आणि चाळिशी आली तरी समुद्र काही पाहिला नव्हता. एकदा बोलता बोलता हे बाहेर आलं. भाऊ चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "काहून गा मास्तर, न पाहताच पोट्ट्याइले समुद्र शिकवून राहिला का?" माझी मान खाली गेली. खुद्द भाऊंनीही तोवर समुद्र पाहिलेला नव्हता, हे मला गाडीत बसल्यावर कळलं! दुकानातल्या एका गिऱ्हाइकाकडून त्यांनी लीलाताईंचा फोन नंबर मिळवला, दोन्ही घरची माणसं गोळा केली आणि महिन्याच्या आत आम्हाला बाहेर काढलं.

वाटेत एका स्टँडवरून भाऊंनी फोन करून लीलाताईंना सांगितलं, "ताई, आम्ही येऊन राहिलो." आमच्याकडे याचा अर्थ आम्ही येतोय, वाटेत आहोत. लीलाताईंना वाटलं, ही माणसं येऊन दुसरीकडे कुठे राहिलीसुद्धा. त्यांनी दोन शिव्या मनातल्या मनात दिल्या, चूल विझवली आणि खोल्यांना कुलूप घातलं. दुपारी आम्ही पोरंबाळं, वळकट्या घेऊन दारात हजर! "तुम्हीच तर म्हणालात, येऊन राहिलो," त्या म्हणाल्या. "तं येऊनच राहिलो होतो ना," भाऊ म्हणाले. मी मध्ये पडून व्याकरण समजावलं, तेव्हा त्या इतक्या हसल्या की पदराने डोळे पुसावे लागले. मग त्यांनी मऊभात टाकला. त्या संध्याकाळी भाऊ गुडघाभर पाण्यात नुसते उभे होते. एवढा बोलका माणूस, पण हाक मारली तरी वळेना.

तेव्हा त्या गावात एकही हॉटेल नव्हतं. चार-पाच घरांत खोल्या मिळायच्या, जेवण केळीच्या पानावर, आणि किनाऱ्यावर सुरूच्या बनाखाली आम्हीच. पुढे रस्ता रुंद झाला आणि गावाचं नशीब फळफळलं. समुद्राला पाठ लावून हॉटेलं उभी राहिली, वाळूत गाड्या धावू लागल्या, पाण्यावर मोटारबोटींचे भोंगे वाजू लागले. लीलाताईंच्या ओसरीतून दिसणारा समुद्र एका तीन मजली भिंतीमागे गेला. मला राग यायचा. भाऊंना नाही. "गावाच्या हाताला काम मिळून राहिलं, तुझ्या डोळ्याले समुद्र कमी पडला तं दोन पावलं चाल," असं मलाच ऐकवायचे. हट्टी माणूस. जेवायला बसले की घरून आणलेलं तिखट माशाच्या कालवणावर ओतायचे, आणि लीलाताई कपाळाला हात लावायच्या. पण दर वर्षी त्यांच्या पाचही खोल्यांसाठी एकेक नवी चादर न्यायचे, आणि ते स्वतः राहायचे त्या कोपऱ्यातल्या खोलीतली आपल्या हाताने अंथरायचे.

मग ते वादळ आलं. सुरूचं बन आडवं झालं, समुद्राने वाळू ओढून नेली, लीलाताईंची कौलं उडाली. पर्यटक शेजारच्या गावाकडे वळले, आणि भल्या मोठ्या हॉटेलांच्या पाट्या गंजून लोंबू लागल्या. लीलाताईंचा मुलगा मुंबईहून म्हणत होता, घर विकून टाक. त्या वर्षी मी भाऊंना म्हटलं, राहू द्या, काय उरलंय तिथे. ते माझ्यावर असे चिडले, जसे कधी चिडले नव्हते. "गर्दी असली का कोणीबी जाते गा. आता कोणी जाऊन नाही राहिलं, म्हणून आपण जाऊ." आम्ही गेलो. भाऊ लुंगी खोचून छपरावर चढले, मी खालून कौलं देत होतो. ते घर विकलं गेलं नाही. त्यानंतरही गावात फारसं कोणी फिरकेना, पण आमचे दहा-बारा नागपूरकर एक वर्ष चुकले नाहीत. त्याचं सगळं श्रेय त्यांचं. मी आपला मागून जाणारा माणूस.

आणि म्हणूनच लीलाताईंचा तो प्रश्न मला पंधरा दिवस छळत होता. शेवटी भाऊंच्या घरी जाऊन वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, "मले काय विचारता? तिकीट काढा." मी फोन लावला. आयुष्यभर भाऊंना 'येतोय म्हणा' असं शिकवणारा मी म्हणालो, "लीलाताई, आम्ही येऊन राहिलो."

त्या म्हणाल्या, "या. चार खोल्या उघडते. कोपऱ्यातली नाही देणार हं. तिथे भाऊ येऊन राहिलेत."

दुसऱ्या दिवशी मी गांधीबागेत दुकानावर गेलो आणि चार खोल्या मिळाल्याचं सांगितलं. भाऊंचा मुलगा गठ्ठा सोडत म्हणाला, "चारच खोल्या ना काका? चार चादरी काढतो."

मी म्हटलं, "पाच काढ."