शेठ, जेवून घ्या

बाई टाकीच्या काचेवर बोटाच्या पेरानं दोनदा टकटक करायच्या आणि म्हणायच्या, "शेठ, जेवून घ्या." मग लांब नळीतून पाण्यात कालवलेलं खाणं एका नारिंगी प्रवाळावर हळूच सोडायच्या. थोड्या वेळानं त्याच्या कडेनं बारीक, पारदर्शक तंतू बाहेर यायचे. "आला बघ हावरट," बाई म्हणायच्या. शब्द शिवीचे, पण आवाज आजारी मुलाला भरवतानाचा.

मी त्यांच्याकडे वरच्या खोलीत भाड्यानं राहायचे. नांदगावहून नाशिकला रसायनशास्त्र शिकायला आलेली, घरातली कॉलेजात जाणारी पहिलीच. प्रवाळ हा दगड नसून प्राणी असतो, हे बाईंनी सांगेपर्यंत मला माहीत नव्हतं. वडिलांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "समुद्राचं पाणी घरात कशाला ठेवती ती बाई? पिता येत नाय, शेताला देता येत नाय." हे ऐकून बाई चहा सांडेपर्यंत हसल्या होत्या.

बाई कॉलेजच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेल्या. नंतर त्या लोकांच्या घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाक्या सांभाळायच्या. त्यांच्या स्वतःच्या टाकीत मात्र एकही प्रवाळ विकत आणलेला नव्हता. लोकांनी मेला म्हणून फेकलेल्यातला जिवंत तुकडा त्या उचलून आणायच्या आणि जगवायच्या. नाव द्यायच्या त्या फेकणाऱ्या माणसाचं, आणि तेही त्यानं बाईंचा अपमान केला असेल तरच. जांभळ्या होत्या त्या डॉक्टरीणबाई. त्यांनी बाईंना चहा दिला होता तो वेगळ्या ठेवलेल्या कपातून. कोपऱ्यात बिल्डर होता. "लक्षात ठेवलंय मी," बाई त्याला खायला घालताना म्हणायच्या.

मनात राग धरून ठेवणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण रागाला रोज वेळेवर जेवू घालणारं माणूस मी हे एकच पाहिलं.

शेठ कसे आले, ते सांगते. तिथं मी होते.

गंगापूर रोडला खऱ्या शेठचा बंगला, पिंपळगावला कोल्ड स्टोरेज. दिवाणखान्यात भिंतभर टाकी. तिला ते "आमच्या घरचा समुद्र" म्हणायचे. सुट्टीच्या दिवशी पाणी तपासायला मी बाईंबरोबर जायचे. श्रावणात एकदा गेलो तर टाकीवर वाळलेला हार होता, बाजूला नारळ. नारळी पौर्णिमा नुकतीच झाली होती. बाई गालात हसल्या.

त्यानंतर प्रवाळ आक्रसू लागले. बाईंनी खारेपणा तपासला, तापमान पाहिलं, दिवे तपासले. सगळं ठीक. तापमान पुन्हा पाहायला लागल्या तेव्हा शेठ म्हणाले, "थंडाव्याचं मला शिकवू नका. माझा धंदाच थंडाव्याचा आहे." पुढच्या खेपेला तळाशी गोगलगायी उलट्या पडलेल्या दिसल्या. मासे मात्र ठणठणीत.

"मासे ठीक आणि गोगलगायी मेल्या," बाई माझ्या कानात पुटपुटल्या. "पाण्यात काहीतरी पडलंय." त्यांनी शेठना विचारलं, "घरात कुणी टाकीत काही टाकलं का?"

त्या दिवशी पाहुणे आले होते. शेठ त्यांच्यासमोरच म्हणाले, "आता आमच्यावरच ढकला! ह्या बाईंनी माझा समुद्र मारला, मंडळी." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आणि ही कॉलेजवाली. हेच शिकवतात का गं तिथं?" बाई बादल्या उचलून पुढच्या दाराकडे निघाल्या, तर ते म्हणाले, "तिकडून नको, फरशी खराब होईल. मागच्या दारानं जा."

मागच्या दाराशी माळ्यानं प्रवाळाचा दगड कचऱ्यात टाकला होता. बाईंनी जेवणाचा डबा रिकामा केला, त्यात बादलीतलं टाकीचं पाणी घेतलं आणि दगड ठेवला. दगडाच्या टोकाला नखाएवढा नारिंगी जीव उरला होता.

संध्याकाळपर्यंत शेठनी टाकीवाल्यांच्या ग्रुपवर लिहिलं होतं की, ही बाई शुद्ध पाण्याऐवजी टाकीत बोअरिंगचं पाणी भरते, हिला घरात घेऊ नका. महिन्याभरात बाईंची निम्मी कामं गेली.

तो दगड धुताना माझ्या बोटाला खाचेत काहीतरी लागलं. पूजेतलं तांब्याचं नाणं. हिरवं पडलेलं, खाचेत रुतलेल्या कडेला अजून कुंकू. डब्यातलं पाणी मी कॉलेजात तपासलं. पाण्यात तांबं उतरलं होतं. माशांना तेवढं सोसतं, प्रवाळांना आणि गोगलगायींना नाही. घरच्या समुद्राला त्यांनी नारळी पौर्णिमेला नाणी वाहिली होती. हे एक आमच्या हाती आलं. बाकीची तिथंच वाळूत रुतलेली असणार.

मी धावत येऊन बाईंना सांगितलं. मला वाटलं, लगेच फोन लावतील. त्यांनी नाणं एका छोट्या बाटलीत टाकलं, झाकण घट्ट लावलं आणि म्हणाल्या, "त्यानं माझ्या दारात यायचं. विचारायचं, बाई, काय चुकलं? तेवढंच. मग सांगेन."

"आणि नाही आले तर?"

"तर मरू दे त्याचा समुद्र."

शेठ नवे प्रवाळ आणत राहिले, ते मरत राहिले. टाक्यांसाठीच्या मिठाच्या दुकानात आम्हाला बातमी कळायची. एकदा मी धीर करून म्हणाले, "बाई, जीव मरतायत."

"माहितीये," त्या म्हणाल्या. "माझंही नाव मेलंय."

पण असं कळलं की त्या दिवशी त्यांना चहा नको असायचा. मला दोनदा वाटलं, आपणच गुपचूप कळवावं. फोन हातात घेतला, ठेवून दिला. कारण मागच्या दाराची ती पायरी मीही उतरले होते. खरं सांगते, त्यांचं काही मेलं असं कळलं की मला आत कुठंतरी बरं वाटायचं.

दीड वर्षात नखाएवढा जीव तळहाताएवढा झाला. शेठ मात्र आले नाहीत. गेल्या थंडीत बाईंना न्यूमोनिया झाला. दवाखान्यातून त्यांनी मला शेवटचं विचारलं ते हेच, "शेठ जेवले का?" टाकी माझ्याकडे राहिली.

बाई गेल्यावर महिन्याभरानं शेठ दारात उभे होते. इथं नारिंगी प्रवाळ चांगला जगलाय, असं त्यांना मिठाच्या दुकानात कळलं होतं. टाकीसमोर वाकून बराच वेळ बघत राहिले. "अगदी असाच होता माझ्याकडं," ते म्हणाले. "आता काही जगतच नाही. तीन माणसं बदलली. काय चुकतंय गं?"

हाच प्रश्न. ऐकायला बाई नव्हत्या.

मी ती नाण्याची बाटली हातात घेतली. "सांगते. आधी त्या ग्रुपवर लिहा, बाईंची चूक नव्हती."

"अगं, त्या गेल्या आता. काय उपयोग?"

"मग मलाही काही माहीत नाही."

शेठनी चष्मा लावला आणि उभ्या उभ्या एका बोटानं टाइप केलं. ग्रुपवर मीही होते, माझ्या फोनवर ते उमटलं. मी दोनदा वाचलं. बाटली उघडून नाणं त्यांच्या तळहातावर ओतलं.

"तांबं पाण्यात उतरलंय," मी म्हणाले. कुंकवावरून त्यांनी नाणं ओळखलं. मग म्हणाले, "त्यांना माहीत होतं?"

"तेव्हापासूनच. तुम्ही विचाराल म्हणून थांबल्या होत्या."

त्यांनी प्रवाळाचा एक तुकडा मागितला. मी नाही म्हणाले. ते पुढच्या दाराकडे वळले तेव्हा मी म्हटलं, "तिकडून नको. मागच्या दारानं जा."

मोरीशेजारून, बादल्या चुकवत, मूठ मिटून ते गेले. मी असं वागायला नको होतं, असं कुणी म्हणेल. मला अजून तसं वाटलेलं नाही.

दार लावून मी टाकीपाशी आले. खाण्याची वेळ टळून गेली होती. काचेवर पेरानं दोनदा वाजवलं. "शेठ, जेवून घ्या," मी म्हणाले, आणि एकेक करत ते बारीक तंतू बाहेर आले.