साडूभाऊ शेजार पाहतात

घर घ्यायला निघालेला आणि घराकडे ढुंकूनही न पाहणारा माणूस साऱ्या जपानात एकच झाला असेल, आणि तो नेमका माझा साडू निघाला. घर पाहायला गेले की साडूभाऊ दारात बूट काढायचे, तिथल्या रीतीप्रमाणे त्यांची टोकं बाहेरच्या बाजूला वळवून ठेवायचे आणि थेट मागच्या खिडकीशी जायचे. ओटा केवढा आहे, भिंतीला ओल आहे का, न्हाणीघराचं दार नीट लागतं का, हे सगळं ताईंनी बघायचं. साडूभाऊ पडदा बोटभर सरकवून पलीकडे कोण राहतं ते न्याहाळायचे. "घराचं काय हो, पाडून पुन्हा बांधता येतं," ते मला सांगायचे. "शेजारी पाडून बांधता येत नाही."

ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. साडूभाऊ पुण्याचे, सॉफ्टवेअरमधले. कंपनीच्या कंत्राटावर टोकियोत गेले ते तिथेच रमले. मी मुंबईच्या एका बँकेकडून तीन वर्षांसाठी गेलो होतो. ओजिमाच्या सरकारी वसाहतीत आम्ही एकाच इमारतीत राहायचो, ते सातव्या मजल्यावर आणि आम्ही चौथ्या. पुण्या-मुंबईची इतकी इंजिनिअर मंडळी त्या काळात तिथे उतरत होती की लिफ्टमध्ये चुकून कुणाला जपानीत नमस्कार करावा तर समोरून "काय, कधी आलात?" असं यायचं. साडूभाऊंना ही गर्दी मुळीच आवडत नसे. ते स्वतः त्या गर्दीत मोडतात असं त्यांना कधी वाटलं नाही. फोनवर साहेबाशी बोलताना ते कमरेत वाकायचे. गाडीत कुणी आपला माणूस जरा मोठ्यानं मराठी बोलला की ते खिडकीबाहेर बघत आणि पुढच्या स्टेशनवर डबा बदलत. कचऱ्याच्या बाबतीत तर त्यांनी जपान्यांनाही मागे टाकलं होतं. दुधाचा खोका धुऊन, कापून, वाळवून, इस्त्री केल्यासारखा सपाट करून ते वेगळा ठेवायचे. नव्यानंच आलेल्या एका नाशिकच्या जोडप्याची पिशवी त्यांनी एकदा कावळ्यांसाठी कचऱ्यावर टाकलेल्या जाळीखालून ओढून काढली, उघडली, बाटल्यांची झाकणं वेगळी केली आणि त्यांच्या दाराशी नेऊन ठेवली. वर मराठीत चिठ्ठी होती : "आपल्यामुळे सगळ्यांचं नाव खराब होतं." ते जोडपं पुढे वर्षभर यांच्याशी बोललं नाही. साडूभाऊ म्हणाले, बरं झालं, जिन्यातला तेवढा आवाज कमी झाला.

निर्णय घेणं हा त्यांचा छंद होता, आणि छंद कुणी घाईनं उरकत नाही. भात शिजवायचं यंत्र घ्यायला त्यांना पाच महिने लागले. प्रत्येक गोष्टीचा संगणकावर तक्ता व्हायचा, त्यात रकाने पडायचे आणि रकान्यांना गुण मिळायचे. तोवर ताई पातेल्यात भात करायच्या.

एका बाबतीत मात्र त्यांची थट्टा करायची माझी छाती झाली नाही. ही सरकारी वसाहत मिळायच्या आधी त्यांना तीन घरमालकांनी नाकारलं होतं. एजंटानं त्यांच्यासमोर फोन लावायचा, "परदेशी आहेत, पण चांगले आहेत" असं म्हणायचं आणि फोन ठेवून दिलगिरीनं मान हलवायची. ही हकिकत साडूभाऊ प्रत्येक गणपतीत, प्रत्येक हळदीकुंकवाला आणि एकदा कुणाच्या बारशालाही सांगत. "माणूस पाहिला नाही, नाव विचारलं नाही, सरळ नाही म्हणाले," असं म्हणताना त्यांचा आवाज खरोखरच कापायचा. पाळण्याभोवतीच्या बायकांनीसुद्धा पाळणा म्हणायचा थांबवला.

तर असे साडूभाऊ जवळच्याच एदोगावा भागात घर पाहायला लागले. मुलगी मुक्ता नऊ वर्षांची, तिची शाळा तिकडे जवळ. आणि ताईंना जमिनीला टेकलेलं घर हवं होतं. दीड वर्षं दर रविवारी शोध चालला. अखेर एका अरुंद गल्लीत एक दुमजली लाकडी घर निघालं. ते पाहायला मीही बरोबर होतो. मालक म्हातारे होते, त्सुकुबाला मुलाकडे राहायला चालले होते. मागे चार पावलांचं अंगण होतं, त्यात काळी माती. ताईंनी वाकून चिमूटभर माती हातात घेतली आणि बोटांनी चुरून पाहिली. आवडलं, की नाही आवडलं, हे विचारायची गरज नव्हती.

साडूभाऊ अर्थात मागच्या खिडकीशी होते. कुंपणापलीकडे बैठ्या घरांची एक जुनी ओळ होती, पुढे दोन टेम्पो उभे, त्यांत लोखंडी सांगाडे आणि गुंडाळलेली रंगीत कापडं. "इथे कोण राहतं?" त्यांनी विचारलं. एजंटानं दातांतून हवा आत ओढली. कठीण प्रश्न आला की तिथली माणसं असंच करतात. मग तो आवाज उतरवून म्हणाला, जत्रेची माणसं. देवळांच्या उत्सवांत दुकानं लावणारी. हंगाम सुरू झाला की गावोगाव हिंडतात, थंडीत परत येतात. सरकारनं फार वर्षांपूर्वी त्यांना इथे घरं दिली. कुणाला त्रास नाही, तो म्हणाला, पण सांगणं माझं काम आहे.

परतीच्या गाडीत साडूभाऊंनी प्रथमच मोठ्यानं मराठी बोलून दाखवलं. "म्हणजे पालं ठोकणारेच की हो. आमच्या गावाबाहेर दरवर्षी यायचे. पालं पडली की आई दारातली पितळेची भांडी आत घ्यायची." मी विचारलं, "गेलं होतं का कधी काही?" ते म्हणाले, "जाईल कसं, आत घेतलेली असायची ना." खरं सांगायचं तर मीही मान डोलावली. मुक्ता आमच्यामध्ये बसून पुस्तक वाचत होती.

मग तक्त्यात 'शेजार' या रकान्याचे अकरा उपरकाने झाले, आणि ते भरण्यासाठी साडूभाऊ जातीनं पाहणीला निघाले. गल्लीच्या तोंडाशी मुलांचं एक छोटं मैदान होतं. तिथल्या बाकावर दर रविवारी ते वही घेऊन बसू लागले. संशय नको म्हणून मुक्ताला झोपाळ्यावर बसवायचं. तिसऱ्या रविवारी साक्षीला म्हणून मलाही नेलं. मी त्यांची वही पाहिली. "दु. २.१०, एक पुरुष, बनियनवर. २.२५, तोच पुरुष, शर्टात." उजव्या हाताला एक टुमदार घर होतं, पाइनची झाडं नेमकी कातरलेली, त्याच्यासमोर त्यांनी लिहिलं होतं, "उत्तम शेजार." बैठ्या घरांपुढच्या नळावर एक सत्तरीची बाई मोठं तांब्याचं पातेलं घासत होती. मुक्ता झोपाळा सोडून कधीच तिच्याशेजारी जाऊन उकिडवी बसली होती. ती आजी उत्सवांत पाकात बुडवलेली सफरचंदं विकते आणि पाक कधी उतरवायचा ते नुसत्या वासावरून ओळखते, ही माहिती मुक्तानं आणली. साडूभाऊंनी ती कुठल्या रकान्यात भरावी याचा विचार केला आणि पेन खिशाला लावलं.

तेवढ्यात पोलीस आला. सायकलवरून, पांढरे हातमोजे घालून, अतिशय नम्र. मुलांच्या मैदानात एक परदेशी माणूस तीन रविवार वही घेऊन बसतो आणि घरांकडे पाहत काहीतरी लिहितो, असा फोन आला होता. फोन बैठ्या घरांतून आला नव्हता. पाइनच्या घराच्या खिडकीतला पडदा बोटभर सरकलेला मला दिसला.

पोलिसानं ओळखपत्र मागितलं. परदेशी माणसानं ते सतत जवळ बाळगायचं असा नियम होता, आणि नियमांचे महामेरू साडूभाऊ ते दुसऱ्या पँटीत विसरून आले होते. ऑफिसात रोज जपानी बोलणारा हा माणूस त्या क्षणी सगळं विसरला, आणि तोंडातून आलं ते फोनवर ग्राहकाला म्हणायचं पाठ वाक्य : "आमच्या कंपनीला आपलं सहकार्य सदैव लाभत आहे, त्याबद्दल आभारी आहोत." पोलीस गोंधळून वाकला. साडूभाऊ त्याहून खाली वाकले. मी माझं ओळखपत्र पुढे केलं, पण त्यानं साडूभाऊंचं काम भागणार नव्हतं. चौकीवर चलावं लागेल, पोलीस सौम्यपणे म्हणाला. मुक्ता पळत आली आणि तिनं वडिलांचा हात धरला.

मागोमाग ती म्हातारी आली, ओले हात कमरेच्या फडक्याला पुसत. तिची बोली बाजारातली, झपझप. मला निम्मी कळली, पण तेवढी पुरली. ती पोलिसाला म्हणाली, "हे आमच्या पुढच्या घरात राहायला येणारेत. घर बघतायत. घर घेणारा माणूस बघणारच की. ही पोर तीन आठवडे माझ्याकडे येते. यांना कुठे नेतोस?" पोलिसानं तिला आडनावानं हाक मारली, तब्येतीची चौकशी केली, साडूभाऊंना उद्या ओळखपत्र दाखवून जायला सांगितलं आणि सायकलवर बसून गेला. म्हातारी साडूभाऊंकडे पाहून हसली आणि पातेल्याकडे परतली. साडूभाऊ तिच्या पाठीला दोनदा वाकले.

स्टेशनपर्यंत ते सारखे मागे वळून बघत होते. मला वाटलं, माणूस हलला. गाडीत बसल्यावर ते माझ्या कानाशी लागून म्हणाले, "पोलीस तिला नावानं ओळखत होता. विचार करा."

त्या संध्याकाळी आम्ही सातव्या मजल्यावर जेवायला होतो. हकिकत ऐकून ताईंनी पोळी लाटायची थांबवली. ताई नवऱ्याशी वाद घालताना मी कधी पाहिल्या नव्हत्या. "इतक्या वर्षांत इथे तुमच्यासाठी कुणी एक शब्द तरी टाकला होता का?" त्यांनी विचारलं. "ज्या बाईनं टाकला तिच्या शेजारी राहायला मी तयार आहे."

"शब्द टाकला म्हणून जन्माचा शेजार जोडायचा का?" साडूभाऊ म्हणाले. "उद्या घर विकायचं झालं तर लोक काय म्हणतील?"

"लोक तुम्हाला घर देत नव्हते तेव्हा काय म्हणत होते?"

साडूभाऊंनी आमटी वाढून घेतली. ताईंनी पुन्हा लाटणं हातात घेतलं. "विचार करतो," ते म्हणाले, आणि खरोखरच केला. पाच आठवडे केला. तक्ता दोनदा बदलला, मला तीनदा दाखवला. सहाव्या आठवड्यात त्यांनी एजंटाला फोन लावला, पुन्हा एकदा घर दाखवा म्हणून. ते का, हे मला आजही माहीत नाही. कदाचित होकार द्यायचा असेल. एजंटानं खूप माफी मागून सांगितलं की घर एका तरुण जोडप्यानं घेतलं. बाळ व्हायचंय त्यांना, पहिल्या भेटीतच हो म्हणाले. "बरं झालं," साडूभाऊ आम्हाला म्हणाले, "डोक्याचा ताप गेला." ताईंनी गॅलरीतला कढीपत्ता जरा मोठ्या कुंडीत हलवला.

पुढे उन्हाळ्यात वसाहतीच्या पटांगणात उत्सव झाला. दरवर्षी व्हायचा, मध्ये ढोल, भोवती गोल नाच, कडेनं दुकानं. संध्याकाळी आम्ही सगळे खाली उतरलो. शेवटून तिसऱ्या दुकानात तीच म्हातारी बसली होती, लाल पाकातली सफरचंदं मांडून. मुक्ता धावत गेली. म्हातारीनं तिला ओळखलं, हातात एक सफरचंद दिलं, पैसे घेतले नाहीत, आणि मग आमच्याकडे बघून बराच वेळ काही सांगत राहिली. हंगामाला ती वसंतातच बाहेर पडली होती. घराचं पुढे काय झालं ते तिला ठाऊक नव्हतं.

"काय म्हणतेय?" साडूभाऊंनी विचारलं.

मुक्ता एरवी मराठी प्रश्नाला जपानीत उत्तर द्यायची. त्या दिवशी ती सावकाश, शब्द शोधत मराठीत बोलली. "म्हणतात, कधी येणार? म्हणतात, त्यांनी सगळ्यांना सांगितलंय, टेम्पो कुंपणाशी नाही लावायचा. आपल्या अंगणात अंधार येतो म्हणून."

साडूभाऊ वाकले नाहीत. नुसते उभे राहिले. ताईंनीच पुढे होऊन म्हातारीचे दोन्ही हात हातात घेतले आणि मराठीतच काहीतरी म्हणाल्या, आणि ती बाई सगळं कळल्यासारखी मान हलवत राहिली. घर गेलं, हे तिला कुणी सांगितलं नाही.

बायका पुढे गेल्या. मुक्ता सफरचंद चाटत त्यांच्यामागून चालली होती. साडूभाऊ माझ्याबरोबर रेंगाळले. मग त्यांनी हळूच विचारलं, "त्या दिवशी गाडीत मी जे बोललो, ते तिला कळलं नसेल ना?"

"म्हातारीला? ती कुठे होती गाडीत," मी म्हटलं. "आणि तुम्ही मराठीत बोलत होतात."

"तिला नाही हो," ते मुक्ताच्या पाठीकडे बघत म्हणाले. "हिला."