बुधवारची सभा कोण घेईल?

हिंदी मुलखातल्या आमच्या गुढियारीच्या मराठी घरसभेत चार ख्रिस्ती डोकी जमली, की किस्सा तयार! दर बुधवारी एकेकाच्या घरी सभा. गाणं, वचन, प्रार्थना, मग चहा. प्रार्थना देव ऐकतो. किस्से मात्र मलाच सांभाळावे लागतात.

शाळेत मी गेले नाही. पवित्र शास्त्र मांडीवर घेऊन अक्षरं जोडत वाचायला शिकले आणि त्याच जोरावर ही सभा इतकी वर्षं चालवली. आता गुडघे संपावर गेलेत. आमचे पाळकसाहेब तरुण, हिंदी बोलणारे. स्पष्टच म्हणाले, "आई, कोई जिम्मेदारी ले ले तो ठीक. नहीं तो मराठी सभा को हिंदी वाली में मिला देते हैं।"

मिला देते हैं! माझी सभा म्हणजे काय पोह्यावरची शेव आहे?

*

पहिली नजर गेली सुधाकर भैयांवर. रेल्वेतून रिटायर, आवाज असा की माईक लाजेल. 'ख्रिस्ती पुढारी आणि समर्पण' या विषयावर एकदा असे बोलले, की बायकांनी पदर डोळ्यांना लावले.

"प्रभूनं बोलावलं की शिष्यानं हातातलं जाळं टाकून उठावं! मागं पाहू नये, कोणाला विचारू नये!"

मी तिथंच म्हटलं, "वा भैया! मग पुढच्या बुधवारपासून तुम्हीच घ्या सभा."

भैया हळूच खाली बसले. "काकू, घरी विचारून सांगतो."

*

रेल्वे फाटकापलीकडची वत्सला कोणाच्या ध्यानीमनीही नव्हती. गळा बेसूर, जीभ तिखट. एका नाताळात तिच्या करंज्यांना मी कोरड्या म्हटलं. कोरड्या होत्याच! झालं, बोलणं बंद.

पुढच्याच बुधवारी सभा नेमकी माझ्या घरी. म्हटलं, आता ही येत नाही. बाई सगळ्यांच्या आधी हजर! माझ्याकडं पाठ करून भिंतीशी बसली.

"काहून आलीस?" मी विचारलं.

"तुमच्यासंग बोलणं बंद आहे, प्रभूसंग नाही!"

प्रार्थनेत तिनं माझ्या गुडघ्यांना बळ मागितलं. लगेच माझ्या जिभेला लगामही मागितला! मला हसू फुटलं, तिलाही. चहा आम्ही एका ताटलीतल्या खारीसोबत घेतला.

*

शेवटी पाळकसाहेबांनी स्वतःच सोक्षमोक्ष लावायचं ठरवलं. सभेत म्हणाले, "सब आँखें बंद करें। जो अगुवाई के लिए तैयार है, वो चुपचाप हाथ उठाए।"

आमेन होईपर्यंत डोळे उघडायचे नाहीत, ही आमची शिस्त. मीही उघडले नाहीत, जीव कासावीस झाला तरी. लांबलचक प्रार्थना झाली, आमेन झालं.

"कोणाचा हात होता?" मी विचारलं.

पाळकसाहेब गोंधळले. "आई, आँखें तो मेरी भी बंद थीं!"

"मग ज्यानं हात वर केला त्यानं आता सांगावं."

सुधाकर भैया गंभीरपणे म्हणाले, "काकू, ते त्याच्या अन् प्रभूच्या मधलं गुपित आहे."

पाळकसाहेबांनी हात टेकले. "अगला बुधवार देख लेते हैं। फिर बंद।"

*

तो बुधवार उजाडला. सभा वत्सलाकडं. पण सुधाकर भैयांच्या पुतण्याचं त्याच दिवशी अभनपूरला लग्न. अर्धी सभा वऱ्हाडात, उरलेली त्यांना सोडायला गेलेली!

पाळकसाहेब मला स्कूटीवर घ्यायला आले. वाटेत मालगाडीनं फाटक अडवलं, उशीर झाला. ते म्हणाले, "आई, कोई नहीं होगा। छोटी-सी प्रार्थना करके समाप्त कर देंगे।" मी मालगाडीचे डबे मोजत राहिले.

वत्सलाचं दार सताड उघडं. भिंतीपासून भिंतीपर्यंत सतरंजी, तिच्यावर चिटपाखरू नाही. समोर वत्सला एकटीच उभी, उजवा हात उंचावून, गळा ताणून गात होती. गल्लीत ऐकू जात होतं.

पाळकसाहेबांनी घसा खाकरला. "वत्सला दीदी, वो आज..."

तिनं कडवं पूर्ण केलं. मग चष्म्यावरून आम्हा दोघांकडं पाहिलं.

"सभा चालून राहिली आहे. चपला बाहेर काढा अन् मागं बसा. पाळकसाहेब, मराठी येत नसंल तर टाळी तरी वाजवा!"

मी मागं बसले. पाळकसाहेब माझ्याही मागं.