मागच्या सीटखालची जाळी

निवृत्तीनंतर मी हायब्रिड गाडी घेतली, तेव्हा देवळातून निघून तिला थेट शहरातल्या जुन्या महाल भागात नेलं, माझ्या मेकॅनिकला दाखवायला. वीस-बावीस वर्षं माझी प्रत्येक गाडी त्यानंच सांभाळली होती. आधी स्कूटर, मग एक सेकंडहँड कार. त्याची गल्ली इतकी अरुंद, की कार गॅरेजात शिरायचीच नाही. तो रस्त्यावरच सतरंजी टाकून तिच्याखाली सरकायचा. त्या दिवशी त्यानं पेढा खाल्ला, बॉनेट उघडायला लावलं, आतल्या जाड नारिंगी वायरी पाहिल्या आणि हात मागे घेतले.

"ही आता आमच्या हातची नाही, भाऊ," तो म्हणाला. "हिले कंपनीतच दाखवत जा. नाही तं वॉरंटी जाईन."

मी त्याचं ऐकलं. ऐकायला मला सोपंही गेलं. माझी सगळी नोकरी औष्णिक वीज केंद्रात, देखभाल विभागात गेली. सही-शिक्क्याचा कागद असला की काम झालं, असं मानायची मला सवय होती. सर्व्हिस सेंटरमध्ये गारेगार हॉल, कॉफी, आणि शेवटी हातात खुणा केलेला तक्ता. इंजिन ऑइल, ब्रेक, कूलंट, छोटी बॅटरी. त्यातच एक ओळ असायची: हायब्रिड बॅटरीच्या पंख्याची जाळी साफ केली. पुढे बरोबरची खूण. मी ते तक्ते तारीखवार फाइलला लावत गेलो. ती जाळी गाडीत नेमकी असते कुठे, हे मात्र मी कधी पाहिलं नाही.

तिसऱ्या उन्हाळ्यात, मे महिन्यातल्या एका दुपारी, वर्धा रोडच्या सिग्नलवर डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. हायब्रिड सिस्टिम तपासा. सर्व्हिस सेंटरला फोन केला तर आठ दिवसांनंतरची वेळ मिळाली. बायको म्हणाली, "महालात विचारून तर पाहा." म्हणून आम्ही दोघं तिकडे गेलो.

तो आधी हात लावायलाच तयार नव्हता. मग म्हणाला, "तुमच्यापाशी पुस्तक असन ना गाडीचं? वाचा बरं, काय लिहिलं आहे त्याच्यात." गाडीसोबत आलेलं इंग्रजी पुस्तक मी पहिल्यांदा उघडलं. त्यात साफ लिहिलं होतं, की मोठी बॅटरी मागच्या सीटखाली असते, सीटच्या बाजूच्या जाळीतून ती थंड हवा ओढते, आणि ही जाळी मालकानं स्वतः काढून साफ केली तरी चालते. मी एकेक वाक्य मराठीत सांगत गेलो. एका हातात पुस्तक, दुसऱ्या हातात टॉर्च. त्यानं दोनदा विचारलं, "उघडू ना, भाऊ?" मी दोन्ही वेळा हो म्हणालो.

झाकण निघालं तसा त्यानं माझ्या हातातला टॉर्च जवळ ओढला. "हे काय भरून ठेवलं गा याच्यात?"

आत वाळा होता. कूलरच्या ताट्यांना लावतात तो. दर मार्चमध्ये मी वाळ्याचे गठ्ठे मागच्या सीटवर टाकून आणायचो. आमच्या घरचे, आणि बिल्डिंगमधल्या दोन-तीन जणांचेही. तीन उन्हाळ्यांचा भुसा त्या जाळीत गच्च बसून नमद्यासारखा झाला होता. त्यानं तो चिमट्यानं काढला, ब्रशनं जाळी धुतली, उन्हात वाळवली आणि परत बसवली. बसवताना झाकणाची एक प्लास्टिकची खिटी तुटली. ती त्यानं मला हातावर ठेवून दाखवली, लपवली नाही. दिवा विझला. बायकोनं त्याला हात जोडले.

दहाव्या दिवशी दिवा परत लागला. उष्णतेनं बॅटरी आधीच खराब होऊन बसली होती.

सर्व्हिस सेंटरच्या सल्लागारानं सीट उचलली, तुटलेल्या खिटीचे फोटो काढले आणि मला काचेच्या केबिनमध्ये बसवलं. "सर, बाहेरच्या माणसानं हात लावलाय. वॉरंटीत बसणार नाही."

मी फाइल काढली. "तुमच्या प्रत्येक तक्त्यावर जाळी साफ केल्याची खूण आहे. मग तीन वर्षांचा वाळा आत कसा राहिला?"

तो तक्ते उलटसुलट करून पाहू लागला. मीही पुढे रेटलं नाही, कारण वाळा कोणी आणला हे त्यानं विचारलं असतं तर मला माझंच नाव सांगावं लागलं असतं. त्यानं जाळी न उघडता खुणा केल्या होत्या, मी पुस्तक न उघडता गाडी चालवली होती. आम्हा दोघांनाही तिसरा माणूस हवा होता.

मग तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "सर, तुम्ही एवढंच लिहून द्या, की मेकॅनिकनं तुम्हाला न विचारता उघडलं. म्हणजे मालकाची चूक धरत नाहीत. बाकी मी वर सांभाळून घेतो."

मी लिहून दिलं. चार ओळी, खाली सही, आणि मेकॅनिकच्या गॅरेजचा पत्ता. माझं अक्षर चांगलं आहे. नोकरीत त्याचं कौतुक व्हायचं.

घरी सांगितलं तेव्हा बायको पोळ्या लाटत होती. तिनं लाटणं थांबवलं. "मी तिथं होते," ती म्हणाली. "वाळा कोणी आणला, तेही लिहिलं का?"

पंधरा दिवसांत नवी बॅटरी बसली. सल्लागार फोनवर खुशीत होता. "सर, आमची माणसं त्या मेकॅनिककडे जाऊन आली. त्यानं काहीच वाद घातला नाही. म्हणाला, साहेबांना माहीत नव्हतं, मीच उघडलं."

मला वाटलं होतं तो चिडेल, खरं काय ते सांगेल, मला फोन करून शिव्या देईल. त्यानं यातलं काही केलं असतं तर मला बरं झालं असतं. आठवडाभरानं मी महालात गेलो. गाडी घरी ठेवून ऑटोनं गेलो. तो एका मोपेडचं चाक काढत होता.

"तू असं काहून सांगितलं?" मी विचारलं.

"तुमची सही दाखवली त्यांनी मले," चाकावरची नजर न काढता तो म्हणाला. "तुमचं अक्षर ओळखतो मी. मी नाही म्हटलं असतं, तं तुम्ही खोटे पडले असते."

माझं चुकलं, हे दोन शब्द तिथंच बोलायचे होते. मी म्हणालो, "ते सांगतील तसं लिहावं लागतं रे. कागदाची पद्धत असते ती."

"असते ना, साहेब," तो म्हणाला. "बसा. चहा सांगू काय?"

मी बसलो नाही.

आमच्या बिल्डिंगमधले दोघं त्याचे गिऱ्हाईक होते. त्यांना कुठून कळलं कोण जाणे. एका सकाळी फिरताना त्यातला एक म्हणाला, "तुमच्या मेकॅनिकनं बॅटरीची वाट लावली म्हणतात. बरं झालं वेळेत कळलं, मी माझी गाडी आता दुसरीकडे टाकतो." मी नुसतं "हं" म्हणालो आणि चालायचा वेग वाढवला. तोंड उघडून एक वाक्य बोलायचं होतं. आज वर्ष झालं, मी ते बोललेलो नाही. मेकॅनिक आता कार दुरुस्तीला घेत नाही, फक्त दुचाक्या बघतो, असं ऐकतो. हे माझ्यामुळे, की बाजारच तसा झाला म्हणून, हे मी कोणाला विचारलं नाही. विचारलं तर उत्तर मिळेल, ही भीती आहे.

या हिवाळ्यात त्याच्या मुलीचं लग्न झालं. पत्रिका घरी आली, ती बायकोच्या नावानं. सहपरिवार हा शब्द छापील होता, त्यावर पेनानं रेघ ओढली होती. मी म्हणालो, "मी सोडून देतो तुला, हॉलपर्यंत."

"नको," ती म्हणाली. "मी ऑटोनं जाते."

ती जेवून परतली तेव्हा मी दारातच विचारलं, "माझ्याबद्दल काही बोलला?"

"नाही," चपला काढत ती म्हणाली. "आणि मीही तुमचं नाव काढलं नाही. पोरीचं लग्न होतं."