मास्तरांनी स्वतःला दिलेली रजा

सरकारी कचेरीसमोर झेरॉक्सचं दुकान टाकलं की माणसांवरचा विश्वास उडतो. माझा बावीस वर्षांपूर्वीच उडाला. त्यामुळे शेजारच्या गाळ्यातला शिंपी बहिणीला किडनी देणार आहे असं कळलं तेव्हा मी आधी विचारलं, तिच्याकडून काही लिहून घेतलंत का? मास्तरांनी चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं, की मी मुकाट्याने मशीनमध्ये कागद भरायला लागलो. त्यांना आम्ही सगळे मास्तरच म्हणायचो.

मास्तर काही गोड स्वभावाचे नव्हते. गिऱ्हाईक ‘जरा फिट ठेवा’ म्हणालं, तर ‘आधी पोट कमी करा’ असं तोंडावर सांगायचे. दिलेल्या तारखेला कपडा तयार असायचा, आणि त्या तारखेला नेला नाही तर बोलणी खावी लागायची. आईवडील लागोपाठ गेले तेव्हा बहीण सात वर्षांची होती आणि हे बावीसचे. तिला वाढवता वाढवता यांचं लग्न राहूनच गेलं. ती शिकली, शाळेत शिक्षिका झाली आणि ऐन तिशीत तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. तपासण्या झाल्या, मास्तरांची किडनी जुळली, आणि नेमकी त्याच महिन्यात समोरच्या कचेरीत ती योजना आली.

योजनेच्या पत्रकाच्या प्रती मीच काढल्या, म्हणून मजकूर मला पाठ आहे. दोन ओंजळी, मध्ये उगवता सूर्य आणि खाली वचन: जिवंतपणी अवयव देणाऱ्याची तीन महिन्यांची बुडालेली मजुरी आम्ही भरून देऊ. पत्रक घेऊन आलेल्या बाई जनजागृती विभागाच्या होत्या. लोकांना जागं करणं हे त्यांचं काम. कचेरी त्यात धरलेली नव्हती.

मास्तरांना त्या मजुरीची गरज होती, यात लपवण्यासारखं काही नाही. ऑपरेशननंतर तीन महिने वाकून कापड बेतायचं नाही, जड इस्त्री उचलायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गाळा भाड्याचा, आणि गाळामालक दोन महिने भाडं थकलं की कुलूप घालणारा. मजुरी मिळाली तर दुकान राहणार, नाहीतर जाणार, इतकी सरळ गोष्ट होती.

अर्जाला मालकाचा रजेचा दाखला जोडायचा होता. मास्तरांना मालक कुठला? त्यांनी स्वतःच दाखला लिहिला. ‘माझ्या दुकानात काम करणारा मी, यास मी तीन महिन्यांची रजा मंजूर केली आहे. सदर इसम कामात चोख आहे.’ खाली दोन सह्या, दोन्ही त्यांच्याच. कारकून म्हणाला, रजा देणारा आणि घेणारा एकच असून चालत नाही. मास्तर म्हणाले, किडनी देणारा आणि घेणारा वेगळे आहेत, तेवढं पुरे नाही का? कारकुनाला विनोद कळत नसावा, कारण त्याने लगेच कामाचा पुरावा मागितला.

मास्तर कधी पावती फाडत नसत. त्यांच्याकडे होती ती मापांची वही, चांगली तीनशे पानी. प्रत्येक पानावर छाती, खांदा, बाही, कंबर, तारीख, कापडाची टाचलेली चिंधी आणि शेरा. ‘डावा खांदा उतरता.’ ‘घाई करतो, ऐकू नये.’ जुनी गिऱ्हाइकं कापड पाठवून नुसतं ‘नेहमीसारखं’ म्हणायची, ती या वहीच्या जिवावर. तिची प्रत काढायला मास्तर माझ्याकडे आले तेव्हा परीक्षेच्या अर्जांची झुंबड उडाली होती. चिंध्या सोडवा, पाठपोट काढा, परत टाचा, हे कोण करणार? मी म्हणालो, ‘मूळच द्या की. बघतील आणि परत करतील.’ बावीस वर्षं त्या कचेरीसमोर बसून मी हे बोललो! अकलेची अशी दिवाळखोरी मी दुसऱ्या कुणाची पाहिली असती, तर महिनाभर हसलो असतो.

वही आत गेली ती गेली. कारकुनाचं म्हणणं, तारखा आहेत पण रकमा नाहीत. वरच्या साहेबांनी ती मागवून घेतली आणि त्यांना त्यात स्वतःचंच पान सापडलं. शेरा होता, ‘पोट आत ओढून माप देतो, दोन इंच सोडणे.’ फाइल तिथेच अडकली असं शिपाई सांगतो. शिपाई या गोष्टीत खोटं बोलणार नाही.

इकडे ऑपरेशन नीट झालं. बहिणीचं डायलिसिस सुटलं, तिच्या चेहऱ्यावर रंग आला. पलीकडच्या गल्लीतला दुसरा शिंपी तीन महिने मास्तरांचं काम शिवून द्यायला तयार होता. पण मापं कचेरीत पडलेली. नव्याने माप द्यायला या म्हटल्यावर निम्मी गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली, उरलेली नुसतं कापड पाठवत राहिली, आणि त्यांचे कपडे अंदाजाने शिवू द्यायला मास्तर तयार होईनात. मी रोज कचेरीत चकरा मारत होतो. रोज मला सांगत, प्रकरण विचाराधीन आहे. विचार कोण करतंय ते मात्र कुणी सांगेना.

तिसऱ्या महिन्यात गाळ्याला कुलूप लागलं. त्याच आठवड्यात जनजागृतीवाल्या बाई मास्तरांना सभागृहात भाषण करायला बोलवायला आल्या. मला वाटलं हे हाकलून देतील, पण मास्तर गेले. मीही गेलो. समोर रुग्णांच्या घरची माणसं बसली होती, घाबरलेली, हातात पत्रकं. मास्तरांना शाल दिली, पुष्पगुच्छ दिला, बाईंनी लिहिलेलं भाषण हातात दिलं. ते त्यांनी घडी करून खिशात घातलं. पुढच्या रांगेतला एक तरुण उठला. वडिलांना किडनी द्यायची होती त्याला. म्हणाला, पुन्हा वेळ आली तर द्याल का?

‘मी परत देईन,’ मास्तर म्हणाले. बाईंनी टाळ्या सुरू केल्या. मास्तर टाळ्या थांबेपर्यंत थांबले. ‘पण या पत्रकावर विसंबून देणार नाही. तू वडिलांना जरूर दे, बाळा. आधी तीन महिन्यांचं धान्य भर, भाडं बाजूला ठेव, मग दे. आणि स्वतःची वही कुणाला देऊ नकोस.’ या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत, पण तो तरुण खाली बसून पत्रकाच्या पाठीवर काहीतरी लिहून घेत होता.

नंतर वही परत आली, पानोपानी गोल शिक्का मारलेली. अर्ज अपात्र ठरला होता. मास्तर आता कपड्यांच्या कारखान्यात जातात आणि दिवसभर फक्त कॉलर शिवतात. कुणाच्या गळ्यात जाणार ते त्यांना ठाऊक नसतं.

परवा बाई पुन्हा आल्या. नवं पत्रक, त्यावर शाल पांघरलेल्या मास्तरांचा फोटो आणि खाली ठळक अक्षरांत, ‘मी परत देईन.’ पुढे पूर्णविराम. मी म्हणालो, बाई, वाक्य पुरं छापा. त्या म्हणाल्या, लांब वाक्यं लोक वाचत नाहीत. पाचशे प्रती हव्या होत्या. मी मशीन सुरू केलं. नाही म्हणालो असतो तर दुसऱ्या झेरॉक्सवाल्याने काढून दिल्या असत्या, अशी माझी समजूत मी घातली. कचेरीला नावं ठेवणारा मी तेवढा धुतल्या तांदळासारखा!

अर्ध्या प्रती निघाल्या आणि दारात मास्तर. कारखान्याला सुट्टी होती. त्यांनी वरचा कागद उचलला, वाचला. मी मशीन बंद केलं आणि शिव्या खायला तयार झालो.

‘एक मला दे,’ ते म्हणाले.

‘मास्तर, तुमचं वाक्य तोडलंय त्यांनी.’

‘दिसतंय मला. बहिणीला दाखवायचंय. माझ्यामुळे दादाचं दुकान गेलं म्हणून ती रोज रडते.’ कागदाला चुणी पडू नये म्हणून त्यांनी तो दोन्ही हातांत आडवा धरला. ‘पुढचं सगळं तुम्हा लोकांसाठी होतं. तिच्यासाठी एवढंच आहे.’